झरीचा चौक, स्लाइडवर

लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून ही स्लाइड पाहिली की नजर आधी पिठाच्या जाडीवर जाते. तलासरी तालुक्यातल्या झरी गावातलं वारली घर. लग्नाआधी सवाशिणी आतल्या भिंतीवर चौक लिहिताहेत. कुडाची, गेरू दिलेली भिंत. पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीची दाट चौकट. दाराचा उजेड डावीकडून तिरपा येतो, म्हणून प्रत्येक रेघेला केसाएवढी सावली आहे. काडी नुकती बुडवली तिथे रेघ फुगलेली, पीठ संपत आलं तिथे खालचा गेरू डोकावणारा. जेमतेम 24 बाय 36 मिलिमीटरच्या तुकड्यात एवढं सगळं मावलंय.

प्रवासात काढलेला हा फोटो. ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही. 100 आयएसओची एक्टाक्रोम स्लाइड फिल्म, 35 मिलिमीटरची लेन्स, अपर्चर एफ/2 आणि शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाचं. एसएलआर कॅमेऱ्यात शटर दाबताच आरसा उसळतो आणि एवढ्या मंद वेगाला त्याचा हिसका चित्रात उतरू शकतो. हा फोटो मात्र रेंजफाइंडर कॅमेऱ्यातला, आणि त्यात आरसाच नाही. श्वास रोखून धरला की भिंत स्थिर राहते. इथे चौक स्थिर आहे आणि लिहिणारीचं मनगट तेवढं पुसट झालंय. मला या स्लाइडमध्ये सगळ्यात आवडतं ते हे मनगट. चौक लिहिला जातोय हे त्यानेच कळतं. नाहीतर पूर्ण झालेल्या चित्राची नुसती नोंद हाती आली असती.

फोकस कुठे केला असेल तेही ओळखता येतं. रेंजफाइंडरच्या खिडकीत मधल्या ठिपक्यापुरती एकाच वस्तूची दोन चित्रं दिसतात. लेन्सची कडी फिरवत ती एकावर एक आणायची. सपाट भिंतीवर हे अवघड, पण गेरूवरची पांढरी रेघ म्हणजे या ठिपक्याला मेजवानीच. देवीच्या कडेची दुहेरी दिसणारी रेघ जुळून एक झाली आणि त्याच क्षणी शटर दाबलं. त्याच खिडकीत चौकटीबाहेरचंही दिसत राहतं: दारातली पोरं, पलीकडची चूल. ते दिसत असूनही बाहेर ठेवलंय. चेहरेही नाहीत. 23 मे 1945 रोजी याच झरीत हजारो वारली किसान सभेच्या परिषदेला जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी तो ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलाय. अशा गावात कुणाच्या चेहऱ्याला ‘नमुना’ करून आणायचं नाही, ही जाण मला या चौकटीत दिसते.

खरी कसोटी मात्र पांढऱ्याची. वारली चित्रात पांढरं म्हणजे वरून चढवलेलं पीठ. स्लाइडमध्ये नेमकं उलट: जिथे प्रकाश जास्त पडला तिथला रंग निघून जातो आणि उरते पारदर्शक फिल्म. निगेटिव्हवर थोडा प्रकाश जास्त झाला तर प्रिंट करताना सावरता येतं. स्लाइडला अर्ध्या स्टॉपची चूकही जाणवते. मीटरने काळपट भिंत मोजून सांगितलेला आकडा जसाच्या तसा घेतला असता तर गेरू उजळला असता आणि पिठाची जाडी पार धुऊन गेली असती. इथे माप पिठाचं धरलंय. त्यामुळे उजवीकडचा कोपरा अंधारात बुडाला, आणि ते मान्य केलंय.

रंगाबद्दलही एक सांगायला हवं. 1990 मध्ये आलेली फुजीची वेल्विया अनेकांची लाडकी, पण ती लाल रंग भडक करते. गेरूचं कुंकू झालं असतं. एक्टाक्रोमने गेरूला त्याच्या मातकट जागी ठेवलंय.

ही फिल्म त्या खोलीत होती. भिंतीवरून परतलेला उजेड याच तुकड्यावर पडला, मग तो धुऊन, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून हाती आला. मध्ये प्रिंट नाही, दुसऱ्या कुणाचा हात नाही. म्हणून ती स्कॅन करून उजवा अंधार उजळवण्याचा मोह मला पटत नाही. प्रोजेक्टरवर, अंधाऱ्या खोलीत, भिंतभर पाहावी आणि तो कोपरा काळाच राहू द्यावा. उजेड दारापासून किती आत पोचत होता, ते त्याच्यामुळेच समजतं.