कर्नलने शब्द द्यावा

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग घडवणाऱ्या शेडमध्ये अचूकपणा मायक्रॉनमध्ये मोजतात. तोच हिशेब वेळेत मांडून पाहू. मिनिटाला ६ मीटर फीड म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर. नियंत्रकाचा आदेश १०० मायक्रोसेकंद उशिरा पोचला, तर तेवढ्यात टूल १० मायक्रॉन पुढे गेलेले असते. ड्राइव्ह त्यातले काही सांभाळून घेतो हे खरे, पण कोपऱ्यावर दिशा बदलताना उशीर जॉबवर उमटतो. लिनक्ससीएनसी ही मुक्त प्रणाली सर्वो थ्रेड साधारणपणे दर मिलिसेकंदाला चालवते. तिथे सरासरी कामाची नाही. लाख फेऱ्या वेळेवर झाल्या आणि एक चुकली, तरी रिजेक्शन त्या एकीमुळेच होते.

म्हणून अशा कामासाठी प्रोसेसरचा एक कोअर राखून ठेवायचा आणि तिथे कर्नलनेही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानेही, लुडबुड करायची नाही, ही कल्पना रूढ झाली. गेल्या वीस वर्षांत लिनक्समध्ये त्यासाठी खूप काम झाले. पण या कामाचा आढावा घेतला की एक उणीव सतत जाणवते: कर्नल सोयी देतो, शब्द देत नाही.

सर्वांत जुना मार्ग बूट पॅरामीटरचा. ‘आयसोलसीपीयूज’ दिले की शेड्युलर त्या कोअरवर आपणहून काम टाकत नाही. २०१३ साली ३.१० आवृत्तीत ‘नोहर्ट्झ-फुल’ आले. कोअरवर एकच काम चालू असेल, तर सेकंदाला शेकडो वेळा येणारा टिक त्यामुळे थांबतो. ‘आरसीयू-नोसीबीज’ आणखी काही घरकाम दुसऱ्या कोअरकडे ढकलते. इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवून येणाऱ्या हाकेची, वाट वेगळी वळवावी लागते. तेच कोअर-क्रमांक चार ठिकाणी लिहायचे, आणि बदल हवा असेल तर मशीन रीबूट करायचे. कर्नलचे स्वतःचे दस्तऐवज ‘आयसोलसीपीयूज’ऐवजी सीपीयूसेट वापरायला सांगतात, पण पर्याय बराच काळ अपुरा राहिल्याने जुनी सवय सुटलेली नाही.

आता सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या सीपीयूसेट पार्टिशनने चालत्या मशीनवर कोअर वेगळे काढता येतात आणि परतही देता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पार्टिशन टिकले नाही, तर ज्या फाइलमधून ते मागितले तीच वाचल्यावर ते अवैध झाल्याचे कारणासह कळते. कर्नलने हिशेब द्यायची ही चांगली सुरुवात आहे.

पण कोअर राखीव झाला म्हणजे निर्धोक झाला असे नाही. समजा, तिसऱ्या कोअरवर नियंत्रणाचे काम चालू आहे आणि पहिल्या कोअरवर कोणी तरी ट्रेसिंग सुरू केले. एक्स८६ मशीनवर कर्नल तेव्हा आपला चालता कोड बदलतो आणि तो बदल सर्वांना लागू व्हावा म्हणून प्रत्येक कोअरला इंटरप्ट पाठवतो, तिसऱ्यालाही. किंवा त्याच प्रोसेसमधल्या लॉग लिहिणाऱ्या थ्रेडने थोडी मेमरी परत केली, तर पत्त्यांच्या जुन्या नोंदी पुसायला पुन्हा तिसऱ्या कोअरला हाक जाते. नियम कोणीच मोडला नाही. ज्याचे काम अडले, त्याला मात्र पत्ताही लागला नाही.

ही उणीव ख्रिस मेटकाफ यांनी नेमकी हेरली. टिलेरा कंपनीच्या बहुकोअर चिपवरचा अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी २०१५ साली एक पॅचमालिका मांडली. प्रोसेसने एका सिस्टिम कॉलने एकांत मागायचा. कर्नलने तुंबलेली कामे उरकूनच तिला मोकळे सोडायचे. त्यानंतर व्यत्यय आलाच, तर सिग्नल देऊन कळवायचे. पुढे ॲलेक्स बेलिट्स आणि मार्सेलो तोसात्ती यांनी हाच धागा वेगवेगळ्या रूपांत पुढे नेला, पण मुख्य कर्नलमध्ये तो दाखल झाला नाही. आक्षेप पोकळ नव्हते. कर्नलमध्ये शिरण्याच्या प्रत्येक वाटेवर तपासणी बसवली, तर तिचा भार सगळ्यांनीच का सोसावा? आणि व्यत्ययाचे मूळच का दुरुस्त करू नये? मुळावर घाव घालण्याचे काम चालूही राहिले. तरी त्या नकारात एक मोलाची गोष्ट मागे पडली, ती म्हणजे शब्द मोडल्याची खबर.

शब्द कसा असावा, याचा नमुना कर्नलमध्येच आहे. २०१४ साली ३.१४ आवृत्तीत आलेल्या ‘स्केड-डेडलाइन’मध्ये काम तीन आकडे सांगते: वेळ किती लागेल, कधीपर्यंत पुरे व्हावे आणि पुन्हा कधी यायचे. कर्नल बेरीज करतो आणि जमत नसेल, तर सरळ नकार देतो. नाही म्हणता येते, म्हणूनच त्याच्या होकाराला वजन आहे. मात्र हा करार प्रोसेसरच्या वेळेपुरता आहे. इंटरप्टची आगंतुक ये-जा त्यात धरलेली नाही.

२००४च्या सुमारास सुरू झालेली, लिनक्सला रिअल-टाइम बनवण्याची ‘प्रीएम्प्ट-आरटी’ची खटपट सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्य कर्नलमध्ये फळाला आली आणि ६.१२ आवृत्तीतून सर्वांना मिळाली. हे थोर काम आहे. त्याने तातडीच्या कामाला होणारा उशीर आटोक्यात राहतो, पण कोअरवरची ये-जा थांबत नाही. २०२१ साली ५.१४ मध्ये आलेली डॅनियल ब्रिस्टॉट दे ऑलिव्हेरा यांची ‘ओएसनॉइज’ आणि ‘टाइमरलॅट’ ही साधने व्यत्यय इंटरप्टचा, थ्रेडचा की हार्डवेअरचा, हे उलगडून दाखवतात. पण ती तपासणाऱ्याच्या हातातली आहेत. चालत्या कामाला त्यांच्याकडून थेट इशारा मिळत नाही.

मुंबईच्या शेअर बाजारात को-लोकेशनवर सर्व्हर ठेवणाऱ्या संस्थांकडे हे सगळे जुळवायला माणसे असतात. वाळूजच्या छोट्या मशीनबिल्डरकडे ती नसतात. इंटरफेसची कसोटी अशा वापरकर्त्यावरच लागते. त्याला एका जागी मागणी करता यावी, न जमल्यास कारणासह नकार मिळावा आणि मोडतोड झाली तर ती त्याच्या प्रोग्रामलाच कळावी. कळले, तर नियंत्रक मशीन सावरून थांबवू शकतो आणि संशयित जॉब बाजूला काढता येतो. न कळलेला व्यत्यय चांगल्या मालात मिसळून जातो.

फर्मवेअर परस्पर हिसकावून घेते तो वेळ कर्नलच्या हाती नाही, म्हणून पूर्ण शांततेची हमी मागणे गैर ठरेल. खबर मागणे गैर नाही. पुढच्या प्रयत्नाने तिथूनच सुरुवात करावी, कारण खबर देण्यासाठी प्रत्येक व्यत्यय बंद होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. नाइलिट या संस्थेत आणि चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकणाऱ्या मुलांनीही हे मोजायला शिकावे. नेमके काय हवे, हे मशीनजवळ उभ्या असलेल्यांनी आकड्यांसह सांगितले, तरच कर्नल लिहिणाऱ्यांना ते ऐकावे लागेल.