ऑक्रोबॅक्ट्रमचा ब्रुसेला झाला, पण प्लेट उघडणाऱ्याचं काय?

आज एका पेपरबद्दल तक्रार करायची आहे. पेपर वाईट नाही, उलट कामाचा आवाका बघून दडपायला होतं. २०२० साली ‘फ्रंटियर्स इन मायक्रोबायॉलॉजी’मध्ये हॉर्ट आणि सहकाऱ्यांनी अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटातल्या १,०००हून जास्त टाइप स्ट्रेनचे जीनोम घेऊन वंशवृक्ष नव्याने मांडला. जुनी नावं जिथे झाडाशी जुळेनात, तिथे नावं बदलली. त्यातलाच एक बदल असा, की ऑक्रोबॅक्ट्रम हा अख्खा जीनस ब्रुसेलात विलीन झाला. ऑक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपाय आता ब्रुसेला अँथ्रोपाय.

यात एवढं बिघडलं काय, हे कळायला दोघांची ओळख हवी. ऑक्रोबॅक्ट्रम माती-पाण्यात आपापला जगणारा जीवाणू. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. रुग्ण आधीच अशक्त असला, शिरेत बरेच दिवस कॅथेटर असलं, तर कधीतरी रक्तात सापडतो. ब्रुसेलाचं तसं नाही. आपल्याकडे गायी-म्हशींच्या ज्या रोगाला पशुवैद्यक सांसर्गिक गर्भपात म्हणतात, तो याच्यामुळे. माणसाला झाला की चढउताराचा ताप, घाम, सांधे आणि कंबर धरणं, आणि महिनोन् महिने निदान नाही. शिवाय तो हवेतून लागतो. श्वासावाटे साधारण १० ते १०० जीवाणू आत गेले तरी पुरतात असं मानलं जातं. म्हणूनच प्रयोगशाळेत काम करताना लागणाऱ्या जीवाणूंच्या आजारांत ब्रुसेलोसिस कायम वरच्या नंबरात असतो. उघड्या टेबलावर प्लेट खोलणं, कॉलनी घोळून व्हॉर्टेक्स करणं, आणि ती जुनी खोड, प्लेट नाकाशी नेऊन वास घेणं. एवढं बास होतं.

आता पेपरची बाजू. झाड चुकलेलं नाही. ब्रुसेलाची फांदी खरंच ऑक्रोबॅक्ट्रमच्या आतून फुटते. वर्गीकरण वंशावरच करायचं ठरवलं, तर दोन वेगळी नावं ठेवणं अवघड जातं. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. झाडावरून थेट नावावर उडी मारताना लेखकांनी नावाचं एकच काम धरलं, नातं सांगण्याचं. बेंचवर नाव दुसरंही काम करतं. ते हाताला सांगतं, की ही प्लेट इथेच ठेव, झाकण लाव, टेप मार, कॅबिनेटमध्ये ने.

आणि हा काही माझा भावनिक मुद्दा नाही, नियमातच आहे. जीवाणूंच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्या ५६अ या नियमात धोकादायक नावांसाठी तरतूद आहे. ज्या नावामुळे आरोग्याला किंवा जिवाला अपघात संभवतो, ते नाव नाकारता येतं. तसं झालंही आहे. प्लेगचा जीवाणू आणि यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस हे डीएनएच्या हिशेबाने एकच, म्हणून प्लेगच्या जीवाणूला त्याची उपजात करायचा प्रस्ताव होता. १९८५ मध्ये ज्युडिशियल कमिशनने ते नाव फेटाळलं आणि यर्सिनिया पेस्टिस हे नाव टिकलं. ब्रुसेलाच्या स्वतःच्या घरातही हे घडून गेलंय. १९८५ मध्येच डीएनएच्या साम्यावरून सगळे ब्रुसेला एकाच मेलिटेन्सिसमध्ये कोंबले होते. पण मेंढीचा ब्रुसेला कुठला, गायीचा कुठला, डुकराचा कुठला हे कळणं गरजेचं असतं, म्हणून २००३ मध्ये तज्ज्ञ उपसमिती पुन्हा जुन्या वेगळ्या नावांवर आली. इतका ताजा इतिहास असताना तोच खेळ जीनसच्या पातळीवर परत, हे मला पटत नाही. एडगार्डो मोरेनो आणि ब्रुसेलावर काम करणाऱ्या बऱ्याच संशोधकांनी ‘जर्नल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायॉलॉजी’मध्ये जाहीर विरोध केला, तो उगाच नाही.

नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. समजा, आयसीयूतल्या रुग्णाच्या ब्लड कल्चरमधून ब्रुसेला अँथ्रोपाय असा रिपोर्ट गेला. डॉक्टर पहिला शब्द वाचणार. औषधं ब्रुसेलोसिसची सुरू होणार. इकडे ज्यांनी ती प्लेट हाताळली त्यांची यादी निघणार. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन ३ आठवडे (रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, घरी आणखी घबराट), आणि २४ आठवडे अधूनमधून रक्ततपासणी. सगळं एका मातीतल्या जीवाणूपायी!

दुसरी बाजू जास्त भीतीदायक वाटते. असं दोन-तीनदा झालं की ‘लांडगा आला रे आला’. चौथ्यांदा पडद्यावर ब्रुसेला दिसला की कुणीतरी म्हणणार, अरे ते अँथ्रोपाय असेल, काही नसतं त्यात. आणि मशीनवर भरवसा ठेवायला इथे जागा कमी आहे. एपीआय, व्हायटेकसारख्या पद्धतींनी खऱ्या ब्रुसेलाला मोरॅक्सेला किंवा ऑक्रोबॅक्ट्रम म्हटल्याची उदाहरणं जुनी आहेत. मॅल्डी-टॉफच्या काही नेहमीच्या डेटाबेसमध्ये ब्रुसेला नसतोच, तो सुरक्षेच्या कारणाने वेगळ्या लायब्ररीत असतो. मग मशीन जवळचं नाव देतं. जाणते लोक म्हणूनच मशीनने ऑक्रोबॅक्ट्रम म्हटलं की थबकायचे. ही शंका घ्यायची सवय दोन नावं वेगळी होती म्हणून जगली.

समर्थक म्हणतील, धोक्याच्या याद्या स्पीशीजप्रमाणे करा, जीनसला कशाला लटकता? कागदावर बरोबर. पण प्रयोगशाळेत बोलताना कुणी स्पीशीज उच्चारत नाही. फोनवर ‘सर, ब्रुसेला आलाय’ एवढंच जातं.

एक मात्र मान्य करायला हवं, संसर्ग बहुतेकदा नाव कळण्याआधीच होऊन गेलेला असतो. तालुक्याच्या ठिकाणच्या लॅबमध्ये, जिथे बायोसेफ्टी कॅबिनेट नाही, तिथे ऑक्रोबॅक्ट्रम की ब्रुसेला हा वाद दूरचाच. तिथे खुणा बघायच्या. बारीक, फिकट रंगणारे ग्राम-निगेटिव्ह कोकोबॅसिलाय, हळू वाढणाऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, युरिएज झटकन पॉझिटिव्ह. असं दिसलं तर मशीनवर चढवायचं नाही, प्लेट बंद करायची आणि संदर्भ प्रयोगशाळेला फोन करायचा. ऑक्रोबॅक्ट्रम हालचाल करतो, भराभर वाढतो, तेवढा फरक हाताशी असतो.

आणि ज्यांना वाटतं नवं नाव वापरणं सक्तीचं आहे, त्यांना सांगते, तसं नाही. संहितेनुसार जुनं नाव वैधच आहे, विलीनीकरण हे एक वर्गीकरणाचं मत आहे. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये अपडेट आलं तरी रिपोर्टवर ऑक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपाय छापता येतं. नवं नाव छापायचंच असेल तर खाली एक ओळ टाका, की हा ब्रुसेलोसिसचा जीवाणू नव्हे. आणि डॉक्टर मंडळी, तपासणीच्या फॉर्मवर ‘ताप’ एवढंच लिहून पाठवता ना, त्याच्या पुढे रुग्ण गोठ्यात काम करतो का, कच्चं दूध पितो का, तेवढं लिहा. ते लिहिलेलं असलं तर प्लेट आधीच कॅबिनेटमध्ये उघडली जाते.