पक्षांतर, निवडणूक निधी आणि मतदार : एका अनुमानाची तपासणी

अमेरिकन काँग्रेसमधील पक्षांतराच्या अभ्यासात ख्रिश्चन ग्रोस आणि आंत्वान योशिनाका यांच्या २००३ सालच्या निबंधाचा आधार नेहमी घेतला जातो. १९४७ ते २००० या कालखंडातील विद्यमान सभासदांची मते तपासून, पक्षांतरानंतर प्राथमिक आणि मुख्य अशा दोन्ही निवडणुकांत त्यांच्या मतांचे प्रमाण घटते, असे या लेखकद्वयाने दाखविले. या निरीक्षणाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावरून सरसकट काढल्या जाणाऱ्या अनुमानाविषयी. पक्षांतर हे कारण आणि मतांची घट हा परिणाम, असे मानणे सोयीचे असले तरी, पक्ष सोडणारा सभासद पुष्कळदा स्वपक्षात आधीच अडचणीत आलेला असतो, हे त्यात विसरले जाते.

पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लन स्पेक्टर यांचे उदाहरण घ्यावे. २००४ च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत पॅट टूमी यांच्यापुढे ते जेमतेम तरले होते. २००९ च्या एप्रिलमध्ये टूमी पुन्हा उभे राहताच त्याच महिन्यात स्पेक्टर डेमोक्रॅटिक पक्षात गेले. तेव्हा त्यांच्या नंतरच्या मतांची तुलना पूर्वीच्या मतांशी न करता, ते रिपब्लिकन पक्षातच राहिले असते तर मिळाली असती त्या मतांशी करावयास हवी. आणि ही मते तर कोणत्याच दप्तरात नोंदलेली नसतात.

निधीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. तेथील व्यवस्थेत प्रचाराचा पैसा उमेदवाराच्या समितीच्या खाती जमा होतो व उमेदवाराबरोबर पक्षाची सीमा ओलांडतो. मागणी करणाऱ्या देणगीदारास चालू निवडणुकीपुरती वर्गणी परत करू, असे स्पेक्टर यांनी जाहीर केले खरे. परंतु परत मागणे हे देणगीदाराला शक्य असते, मतदाराला नव्हे. मतदाराला पुढील निवडणुकीची वाट पाहावी लागते. स्पेक्टर यांची शिल्लक प्रतिस्पर्धी जो सेस्टॅक यांच्याहून मोठी होती आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा त्यांच्या पाठीशी होते. तरीही मे २०१० मध्ये डेमोक्रॅटिक मतदारांनी सेस्टॅक यांनाच निवडले. पक्ष बदलल्याने आपण पुन्हा निवडून येऊ शकू, हे स्पेक्टर यांचेच उद्गार सेस्टॅक यांनी जाहिरातीत वापरले होते. अलाबामाचे पार्कर ग्रिफिथ हे २००९ च्या डिसेंबरात याच्या उलट दिशेने गेले. सभागृहातील रिपब्लिकन नेत्यांनी त्यांना पाठिंबा दिला; प्राथमिक निवडणुकीत मात्र मते पडली एक तृतीयांशाच्या आसपास. नेते आणि निधी नव्या घरी लवकर जुळतात. प्राथमिक निवडणुकीत मत देणारा निष्ठावंत कार्यकर्ता तितका लवकर जुळत नाही. (देणगीदारांच्या नोंदींवर विसंबणाऱ्यांनी येथे एक ध्यानात ठेवावे की, उमेदवाराच्या समितीला सामान्यतः २०० डॉलरांहून अधिक देणाऱ्यांचीच नावे कळवावी लागतात. लहान वर्गणीदाराचा राग या कागदांत बव्हंशी उमटत नाही.)

टेक्ससचे फिल ग्रॅम यांनी निराळाच मार्ग पत्करला. १९८३ च्या जानेवारीत डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना अंदाजपत्रक समितीतून दूर करताच त्यांनी प्रतिनिधिगृहातील जागेचा राजीनामा दिला, रिपब्लिकन म्हणून फेब्रुवारीत पोटनिवडणूक जिंकली, आणि १९८४ मध्ये ते सिनेटवर गेले. मतदाराची संमती आधी घेतली की पक्षांतर पचते, असा सिद्धांत यावरून मांडण्याचा मोह होईल. पण हीच रीत साताऱ्यात फसली. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे आपल्याकडे राजीनामा हा पुष्कळदा स्वेच्छेचा विषय उरत नाही. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेलेले उदयनराजे भोसले सप्टेंबरात राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात गेले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी त्यांचा पराभव केला. टेक्ससमधील तो मतदारसंघ त्या काळी रिपब्लिकन पक्षाकडे झुकू लागला होता आणि ग्रॅम हे त्या प्रवाहाबरोबर गेले. साताऱ्यात त्या वर्षी तसा प्रवाह नव्हता. म्हणून पक्षांतराचा परिणाम मोजू पाहणाऱ्या संशोधकाने पक्ष सोडणाऱ्यापूर्वी मतदारसंघाची चाल मोजावी. निधीच्या बाबतीत तर, अमेरिकेसारखी देणगीदारांची उमेदवारागणिक सलग नोंद आपल्याकडे नसल्यामुळे, तेथील सूत्रे येथे उतरवून घेण्यास आधारच सापडत नाही.