‘सुई’ आणि ‘डमरू’ : भिंतीतील संगणकाची परिभाषा

दिल्लीतील कालकाजी येथे १९९९ साली सुगत मित्रा यांनी एनआयआयटी संस्थेच्या आवारभिंतीत संगणक बसवून तो लगतच्या झोपडपट्टीतील मुलांना खुला केला. शिक्षक नेमला नाही. मुले एकमेकांचे पाहून तो चालवू लागली, हे निर्विवाद होय.

या प्रयोगाच्या वृत्तांतातील एक नोंद भाषाभ्यासकाला विशेष मोलाची वाटेल. पडद्यावरील बाणाला मुलांनी ‘सुई’ म्हटले आणि वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाला ‘डमरू’. संज्ञा रूढ होण्यास समूह लागतो. सहाध्ययनाचा याहून बोलका पुरावा गुणपत्रिकेत सापडणार नाही. तथापि दोन्ही शब्दांची योग्यता सारखी नाही. हिंदीत घड्याळाचा काटाही सुईच; दाखविणे हा तिचा धर्म ‘सुई’त टिकला आहे. ‘डमरू’ने मात्र केवळ आकार उचलला. ‘थांबा, काम चालू आहे’ हा मूळ चिन्हाचा कालवाचक अर्थ वाळूबरोबरच गळून गेला. (वाळूचे घड्याळ कधी न पाहिलेल्या मुलांकडे त्याचा दोष जात नाही.) तो अर्थ मुले अनुभवाने ताडतीलही, परंतु ताडलेले शब्दांत मांडता येणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी कोणी विचारणारा लागतो.

म्हणूनच शिक्षकावाचून भागते, हा या प्रयोगावरून काढला जाणारा निष्कर्ष घाईचा ठरतो. मित्रा व ऋतू डांगवाल यांनी तमिळभाषी कालिकुप्पम खेड्यात केलेल्या जैवतंत्रज्ञानविषयक प्रयोगात, विषय न जाणणारी पण आपुलकीने चौकशी करणारी प्रौढ व्यक्ती सोबतीस येताच मुलांचे गुण वाढले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखाच्या शीर्षकातच ‘मर्यादा’ हा शब्द आहे. उत्साही समर्थकांच्या लिखाणात तो क्वचितच आढळतो.