कौल शोधायला गेलो, फरशी मिळाली

गेल्या पावसाळ्यात मी बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज विटांमध्ये बांधायला घेतलं. विटा लेगोच्या, पण लॅपटॉपच्या पडद्यावरच्या. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे खऱ्या विटांनी वसाहत बांधायची तर आधी स्वतःचं घर विकावं लागेल, आणि नवी मुंबईत भाड्याने राहणाऱ्या माणसाकडे विकायलाही काही नसतं.

पडद्यावर बांधायला ब्रिकलिंकचं ‘स्टुडिओ’ फुकट मिळतं. त्यात एका बाजूला भागांची यादी असते. हजारो चिमुकली चित्रं. ओढायची आणि सोडायची. बहुतेकांसाठी ती यादी म्हणजे किराणा दुकानाची फळी. मला ती शब्दकोशासारखी वाटते, आणि शब्दकोशासारखीच तिची समीक्षाही व्हायला हवी. त्यात काय आहे, काय नाही, कुणी लिहिलं, कुणी दुरुस्त केलं हे कुणीतरी विचारायला हवं.

या यादीचं मूळ ‘एलड्रॉ’मध्ये आहे. १९९५ मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसाने डॉसवर चालणारा हा प्रोग्राम लिहिला. १९९७ मध्ये तो गेला. पण त्याने प्रत्येक भाग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवला होता, त्यामुळे काम थांबलं नाही. जगभरातले हौशी लोक त्यात भर घालत राहिले, आजही घालतात, बिनपगारी.

यातली एक फाइल मोबाइलवरच्या कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडून बघा. ३००१ घ्या, म्हणजे आपली दोन बाय चार बटणांची नेहमीची वीट. पहिल्या ओळीत नाव. त्यात ‘२’ आणि ‘४’च्या आधी एकेक जागा जास्त सोडलेली दिसेल. ती टायपिंगची चूक नाही. पुढे दोन अंकी मापं आली तरी यादी क्रमाने लागावी म्हणून केलेली सोय आहे. मग लेखकाचं नाव, जेसिमन. मग परवाना. मग इतिहासाच्या ओळी: कोणत्या तारखेला कुणी काय सुधारलं. आणि मग नुसते आकडे. पहिला अंक १ असेल तर दुसरी फाइल बोलवायची, २ असेल तर रेघ, ३ म्हणजे त्रिकोण, ४ म्हणजे चौकोन.

मापाचं एकक ०.४ मिलिमीटरचं आहे. ऐकायला विचित्र, पण कल्पना फार शहाणी. एका बटणाची विटेची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे २० एककं. उंची ९.६, म्हणजे २४. पातळ पट्टी ३.२, म्हणजे ८. सगळे पूर्णांक, दशांशाची कटकट नाही. रंगाच्या जागी १६ लिहिलं की त्याचा अर्थ ‘बाहेरून जो रंग मिळेल तो’. आणि विटेच्या पोटातल्या तीन पोकळ नळ्यासुद्धा काढलेल्या असतात, ज्या वीट एकदा बसली की कुणालाही दिसणार नाहीत.

खोटेपणाही आहे, तोही सांगायला हवा. खरी वीट शेजारणीला घासू नये म्हणून किंचित लहान ओततात. इथे ती नेमकी ८ मिलिमीटरच्या पटीत आहे. खरी वीट खाली पडते; इथली हवेत तरंगते आणि कुणी काही म्हणत नाही. एलड्रॉमध्ये तर ‘वर’ ही दिशाच ऋण आहे, म्हणजे मजला चढवायचा तर आकडा उतरवायचा.

आता बेलापूर. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलेली ही वसाहत. सात घरांमध्ये साधारण ८ बाय ८ मीटरचं एक अंगण, असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांच्या मधे साधारण १२ बाय १२ मीटरची मोकळी जागा. दोन घरांची भिंत सामाईक नाही. शेजाऱ्याला न विचारता ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने घर वाढवावं, हा हेतू. मी एका बटणाला अर्धा मीटर धरला. अंगण १६ बटणांचं झालं, मोठी जागा २४ बटणांची, आणि विटेची उंची ६० सेंटिमीटर, म्हणजे पाच विटांत तीन मीटरचा मजला. तासाभरात भिंती उभ्या राहिल्या. मी खूश.

मग छप्पर आलं. ही घरं मुळात उतरत्या कौलांची. शोधपेटीत ‘टाइल’ लिहिलं. समोर आल्या वरून गुळगुळीत, बटण नसलेल्या पट्ट्या. म्हणजे फरशी. इंग्रजीत कौलही टाइल आणि फरशीही टाइल. या कोशात त्यातला फरशीचा अर्थ टिकला. आपल्या भाषेत डोक्यावरचं आणि पायाखालचं यांची गल्लत होत नाही. छपराला इथे ‘स्लोप’ म्हणतात. ३०३९ हा ४५ अंशांचा, माझ्या घरांना फार उभा. ३२९७ हा ३३ अंशांचा, तो बसला. पण वरची लाट नाही, पन्हाळ नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमची असती तीच: यांच्या जगात आपण नाहीच. लेगोचा भारत म्हणजे २००८ चा ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल, बस. असा अर्धा लेख मी लिहूनही टाकला. मग हिशेब केला. माझ्या मापात अख्खं कौल एका बटणाहूनही लहान येतं. ते भांडारात असतं तरी मला वापरता आलं नसतं. तक्रार ऐकायला छान होती, पण खोटी होती.

तरी हट्टाने मी एक भाग स्वतः लिहिला. कौल सोडून दिलं, खिडकीबाहेर आलेली लोखंडी जाळी घेतली, जिच्यात वाशी ते पनवेल कुंड्या, सायकली आणि वाळत घातलेली गोधडी राहते. चाळीसेक ओळी, दोन संध्याकाळी. स्टुडिओत ती उघडली तेव्हा पहिली विंडो सीट मिळाल्यासारखं वाटलं. पण एलड्रॉचं भांडार मुख्यतः प्रत्यक्ष साच्यातून निघालेल्या भागांचं आहे. माझी जाळी कुठल्याच साच्यातून निघालेली नाही, म्हणून मी ती पाठवली नाही. हा नियम मला पटतो. कोशात स्वतःचे शब्द घुसवायला लागलो की तो कोश राहत नाही. नवा भाग तिथे आधी अनधिकृत म्हणून राहतो, एकाहून जास्त परीक्षक तो तपासतात, दोन त्रिकोणांमधली केसाएवढी फट दाखवून परत पाठवतात. या कामाला माणसं कमी पडतात. आपल्यातले बरेच जण ‘हा भाग का नाही’ विचारतात. एखादी फट बुजवायला बसणारा विरळा.

माझं भांडण स्टुडिओशी आहे. तो वापरायला कितीतरी सोपा आहे, मीही तोच वापरतो. पण त्याच्या खिडकीत भागाचं चित्र दिसतं, लेखक दिसत नाही. कुणी सुधारलं, कधी सुधारलं, काही नाही. संपादकाचं नाव आणि प्रस्तावना फाडून छापलेली स्वस्त आवृत्ती. २०१९ मध्ये ब्रिकलिंक खुद्द लेगो कंपनीने घेतलं. निदान आता तरी ही नावं दाखवायला जागा कमी पडू नये.

एलड्रॉची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘मूव्ह्ड टू’. एखाद्या भागाचा क्रमांक बदलला तर जुनी फाइल पुसत नाहीत. तिच्यात फक्त ‘अमुक ठिकाणी हलवलं आहे’ असं लिहून नव्या फाइलकडे बोट दाखवतात. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी कुणी बांधलेली आगगाडी आजही उघडते.

आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये तसं झालं नाही. घरं वाढावीत म्हणूनच बांधली होती आणि ती वाढली. अनेकांनी मूळचं पाडून स्लॅबचे दोन-तीन मजले चढवले. मी त्यांना नावं ठेवत नाही, कौलं गळतात आणि मुलं मोठी होतात. पण माझ्या मॉडेलला एक साल निवडावं लागतं. सध्या त्यात पाच घरं ३३ अंशांची आहेत आणि दोन सपाट, तिसऱ्या मजल्यावर माझी जाळी लावलेली. प्रत्येक सपाट घराच्या फाइलमध्ये मी वर एक ओळ लिहिली आहे: आधी इथे कोणतं घर होतं, आणि त्याची फाइल कुठे ठेवली आहे.