डिक्शनरीचा पाठ आणि शब्दकोशाची उपमा

पायथॉनच्या प्राथमिक पाठांत डिक्शनरी समजावताना बहुधा शब्दकोशाची उपमा देतात: शब्द म्हणजे ‘की’, अर्थ म्हणजे ‘व्हॅल्यू’. ओळख करून देण्यापुरती ती ठीक आहे; पुढे मात्र ती चुकीच्या अपेक्षा निर्माण करते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) पाहा. त्यात शब्द वर्णक्रमाने येतात आणि एका शब्दाचे अनेक अर्थ सापडतात. पायथॉनमध्ये वर्णक्रम नसतो, ३.७ आवृत्तीपासून नोंदी भरल्या त्याच क्रमाने राहतात. शिवाय एका ‘की’ला एकच व्हॅल्यू असते. हे स्वतः करून पाहा:

कोश = {}
कोश['कर'] = 'हात'
कोश['कर'] = 'सरकारी देणे'

आता ‘हात’ पुसला गेला, आणि चुकीचा कोणताही संदेश आला नाही. दोन्ही अर्थ हवे असतील तर व्हॅल्यू म्हणून यादी द्यावी लागते: ['हात', 'सरकारी देणे'].

पाठ अनेकांनी मिळून लिहिताना हा दोष पसरतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात संहिता नवशिक्याकडून तपासून घेतात, ही पद्धत अनुकरणीय आहे. नंतर तिला इतर भारतीय भाषांत आवाज दिला जातो. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच राहतो. अशा रचनेत मूळ संहितेतली सदोष उपमा प्रत्येक भाषेत जशीच्या तशी पोहोचू शकते.

म्हणून तुम्ही मित्रांसोबत पाठ तयार कराल तेव्हा नवशिक्याला ‘समजले का?’ एवढेच विचारू नका. वरच्या ओळी दाखवा आणि चालवण्यापूर्वी उत्तर काय येईल ते विचारा. त्याचे उत्तर चुकले, तर आधी उपमा तपासा.