'ज्येष्ठ' आणि 'पहिलें'

बायबलाच्या मराठी भाषांतरांत 'बखोर' या हिब्रू शब्दासाठीं 'ज्येष्ठ', 'प्रथमजन्मलेला' आणि पशूंच्या बाबतींत 'प्रथमवत्स' असे निरनिराळे शब्द आढळतात. त्यांपैकीं प्रवचनकारांच्या व टीकाकारांच्या तोंडीं बसला तो पहिला. यांत नवल नाहीं. शब्द संस्कृत आहे, भारदस्त आहे, आणि उच्चारतांच ऐकणाराची मान आपोआप लवते. परंतु एखादा शब्द फार सोयीचा वाटूं लागला म्हणजे तो आपल्यापासून कांहीं झांकून तर ठेवीत नाहीं ना, हें पाहणें टीकाकाराचें काम आहे. आमचें मत असें कीं, 'ज्येष्ठ' या शब्दानें या कल्पनेचा अर्धा, आणि तोही अधिक खोल असा अर्धा भाग मराठी वाचकापासून झांकून ठेवला आहे.

'ज्येष्ठ' हा शब्द मुळांतच दुहेरी. पाणिनीनें तो 'प्रशस्य' आणि 'वृद्ध' या दोहोंचेंही श्रेष्ठतादर्शक रूप म्हणून सिद्ध केला आहे. वयानें मोठा आणि गुणानें थोर हे दोन अर्थ त्यांत वितळून एक झाले. आमच्या समाजानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. थोरली पाती आणि धाकटी पाती, पाटीलकीचा मान, पोळ्याच्या दिवशीं कोणाचा बैल पुढें आणि होळीची पोळी पहिल्यानें कोणाची, यांवरून आमच्या गांवांनीं किती पिढ्या भांडण्यांत घालविल्या याची गणती नाहीं. जव्हारचें मुकणे घराणें घ्या. मूळपुरुष जायबा यानें बैलाच्या कातड्याखालीं येईल तेवढी भूमि मागितली आणि त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. (हीच कथा कार्थेजच्या दिदो राणीविषयींही सांगतात, दंतकथांना जकात लागत नाहीं.) त्याच्या मुलास १३४३ सालीं दिल्लीहून नेमशहा हा किताब व राजपद मिळालें, आणि ही गादी १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत त्याच घराण्यांत चालत आली. अशा मुलखांतल्या वाचकापुढें 'ज्येष्ठ' म्हटलें कीं राजवाडा उभा राहतो, आणि एसावानें मसुरीच्या वरणासाठीं काय विकलें हें त्यास विनासायास समजतें.

पण त्याच जव्हारहून घांट उतरत चढत मोखाड्याकडे जावें म्हणजे 'पहिल्या'चा दुसरा अर्थ भेटतो. येथील वरकस जमिनींत नागली, वरई आणि खाचरांत भात होतें. वारल्यांच्या घरीं नवें धान्य देवास दाखविल्यावांचून तोंडांत घालीत नाहींत. कणसरी ही त्यांची धान्यमाता. तिचें तिला पोंचल्याशिवाय उरलेलें आपलें होत नाहीं. घरांत जुना दाणा संपला असेल, पोरें भुकेलीं असतील, तरीहि पहिला घांस आपला नव्हे. येथें 'पहिलें' म्हणजे मानाचें नव्हे, तर दुसऱ्याच्या मालकीचें. हिब्रूंत पहिल्या पिकास 'बिक्कुरीम' म्हणतात, आणि 'बखोर' व 'बिक्कुरीम' हीं एकाच धातूचीं लेंकरें आहेत. मोशेच्या शास्त्राची भाषा राजवाड्यापेक्षां या खळ्याच्या अधिक जवळची आहे, असें आम्ही म्हणतों तें याच कारणासाठीं.

निर्गमाच्या तेराव्या अध्यायांतील आज्ञा पाहा. इस्राएलांत जें जें प्रथम उदरांतून बाहेर पडेल, मनुष्याचें असो वा जनावराचें, तें देवाचें. गाईचें पहिलें वांसरूं यज्ञांत जावयाचें. गाढवाचें शिंगरूं यज्ञास अयोग्य, म्हणून त्याच्या बदलीं कोंकरूं द्यावयाचें, आणि तें न दिल्यास शिंगराची मान मोडावयाची, म्हणजे तें कोणाच्याच उपयोगीं पडूं नये. मुलगा मात्र सोडवून घ्यावयाचा. गाढव, गाय आणि मुलगा एका वाक्यांत बसलेले पाहून आमच्या सुशिक्षित वाचकास ओशाळल्यासारखें होतें. परंतु ज्यानें गोठ्यांत रात्र काढली आहे त्यास त्यांत कांहीं विपरीत दिसणार नाहीं. पुढें गणनेच्या तिसऱ्या अध्यायांत या मुलांच्या जागीं लेवी वंश देवसेवेसाठीं घेतला, त्याचा हिशेब चोख दिला आहे. प्रथमजन्मलेले २२,२७३, लेवी २२,०००, जास्त भरलेल्या २७३ जणांमागें प्रत्येकीं ५ शेकेल, एकूण १,३६५. वास्तविक लेव्यांच्या तीन कुळांची बेरीज २२,३०० होते. तालमुदकारांनीं या तफावतीचें उत्तर असें दिलें कीं, हे ३०० लेवी स्वतःच प्रथमजन्मलेले होते, आणि जो स्वतः बांधलेला आहे तो दुसऱ्यास सोडवूं शकत नाहीं. कारकुनी बेरजेंतून एवढें तत्त्व काढणाऱ्या त्या पंडितांचें आम्हांस कौतुक वाटतें.

या शास्त्रांत 'पहिलें मूल' दोन तऱ्हांनीं मोजलेलें आहे, हें मराठी टीकाकारांच्या ध्यानांत क्वचितच येतें. वारसाहक्कासाठीं बापाचा पहिला मुलगा पाहावयाचा. त्यास दुप्पट वांटा, आणि तो नावडत्या बायकोचा असला तरी त्याचा हक्क हिरावून घ्यावयाचा नाहीं, असें अनुवादाचा एकविसावा अध्याय बजावतो. सोडवणुकीसाठीं मात्र आईची कूस पाहावयाची. दोन बायका केलेल्या पुरुषाच्या घरीं थोरला एकच, पण सोडवावयाचे दोन असूं शकतात. 'ज्येष्ठ' हा शब्द पहिल्या हिशेबास चालेल. दुसऱ्या हिशेबांत तो निरुपयोगी आहे. आणि गंमत अशी कीं, या दुसऱ्या हिशेबाचा शब्द आमच्या घरोघरीं आहे. 'पहिलटकरीण' हा शब्द आईवरून मोजतो, आणि तो उच्चारतांना आमच्या आजीबाईंच्या स्वरांत मानापेक्षां काळजीच अधिक असते. भाषांतरकारांनीं त्यास घरांत घेतलें नाहीं. तो ओसरीवर येण्याजोगा वाटला नसावा.

आतां आमच्या धर्मशास्त्राशीं तुलना केली म्हणजे भेद अधिक स्पष्ट होतो. मनूच्या नवव्या अध्यायांत ज्येष्ठ पुत्र जन्मतांच बाप पितृऋणांतून सुटतो. तोच धर्मज, बाकीचे कामज. म्हणून त्यास अधिक अंश, जो पुढें कलिवर्ज्यांत पडला आणि मिताक्षरेच्या महाराष्ट्रांत भाऊ समान वांट्याचे झाले. म्हणजे मनूच्या घरीं पहिला मुलगा ऋण फेडतो, मोशेच्या घरीं पहिला मुलगा ऋण उभें करतो. भेद एवढ्यावरच थांबता तर लिहिणें सोपें होतें. पण ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाच्या आख्यानांत हीं दोन्ही ऋणें एकाच मुलाच्या डोक्यावर बसलीं आहेत. पितृऋण फिटावें म्हणून हरिश्चंद्र पुत्र मागतो, आणि वरुण तो देतो तो परत मागण्याच्या करारानें. राजा मुदत मागत राहतो: दहा दिवस होऊं देत, दांत येऊं देत, पडूं देत, पुन्हा येऊं देत, कवच घालण्याजोगा होऊं दे. बापाचें मन ओळखण्यास याहून वेगळें वर्णन नको. अखेर रोहिताच्या बदलीं शंभर गाईंना विकत घेतला गेला तो अजीगर्ताचा मधला मुलगा, कारण थोरल्यास बापानें मिठी मारली आणि धाकट्यास आईनें. पुढें विश्वामित्र त्यास पुत्र करून ज्येष्ठपद देतो, तेव्हां त्याचे स्वतःचे पन्नास थोरले मुलगे तें नाकारतात व शाप घेतात. या कथेवर आमच्याकडे नरमेधाच्या वादांत पुष्कळ शाई खर्च झाली. प्रथमजाच्या ऋणाची कथा म्हणून ती निर्गमाशेजारीं ठेवून वाचावी, असें आम्ही आमच्या अभ्यासकांना सुचवितों.

उत्पत्तीच्या पुस्तकांत तर थोरल्याचें आसन सारखें डळमळतें. इश्माएल बाहेर, इसहाक आंत. एसाव मागें, याकोब पुढें. रऊबेनानें मान घालविला. आंधळा झालेला याकोब हात आडवे करून धाकट्या एफ्राईमाच्या डोक्यावर उजवा ठेवतो. याकोबाच्या कथेंत 'बखोरा' (ज्येष्ठत्व) आणि 'बराखा' (आशीर्वाद) या दोन शब्दांत केवळ दोन अक्षरांची अदलाबदल आहे, आणि सारी कपटकथा त्या अदलाबदलीवर उभी आहे. मराठींत हा खेळ उतरत नाहीं. त्याबद्दल भाषांतरकारांस दोष देणें अन्यायाचें होईल.

ख्रिस्ती शास्त्रांत 'ज्येष्ठ' शब्दाची एके ठिकाणीं खरी किंमत वसूल होते, हेंही सांगितलें पाहिजे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्तास सर्व सृष्टीचा 'प्रोतोतोकोस' म्हटलें आहे. त्याचा अर्थ सृष्टींतील पहिला जन्मलेला असा शब्दशः केला तर ख्रिस्त हा निर्मितांपैकींच एक ठरतो. आरियसाच्या पक्षाचा हाच आधार होता, आणि ३२५ सालच्या निकाया येथील परिषदेनें त्याचें मत अमान्य केलें. तेथें 'ज्येष्ठ' हा शब्द अधिकाराचा अर्थ देऊन संकट टाळतो. पण तीनच वचनें पुढें तोच ख्रिस्त मेलेल्यांतून प्रथमजन्मलेला होतो, आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रांत तर निजलेल्यांतील पहिलें पीक. येथें राजवाडा कामाचा नाहीं. येथें पहिली पेंढी लागते, जिच्या मागोमाग सारें शेत यावयाचें आहे. लूकानें येशूस मरीयेचा प्रथमपुत्र म्हटल्यावरून तिला पुढें आणखी मुलें झालीं असलीं पाहिजेत, असा हेल्विदियसानें पक्ष मांडला होता. जेरोमनें सुमारें ३८३ सालीं त्यास दिलेलें उत्तर एखाद्या वकिलास शोभण्यासारखें आहे: सोडवणूक महिन्याच्या मुलाची करावयाची, दुसरें मूल होईपर्यंत थांबावें लागलें असतें तर याजकांस द्रव्य मिळालें असतें केव्हां?

आतां दहावा आघात. मिसरांतील प्रत्येक घरचें पहिलें मूल एका रात्रींत मेलें, ही कथा टीकाकार घाईनें ओलांडतात. फारोचा गर्व उतरला, इस्राएल सुटला, देवाचा पराक्रम दिसला, एवढें सांगून ते समुद्राकडे निघतात. पण अकराव्या अध्यायांत ही मोजणी कोठून कोठवर जाते? सिंहासनावरच्या फारोपासून जात्यामागें बसलेल्या दासीपर्यंत. तिच्या पहिल्या मुलानें कोणास गुलाम केलें होतें? राशीसारख्या थोर भाष्यकारासही हा प्रश्न टोंचला; त्यानें उत्तर दिलें कीं, त्या दासीही इस्राएलाच्या दुःखांत आनंद मानीत होत्या. मूळ ग्रंथांत असें एक अक्षर नाहीं. राशीची विद्वत्ता आम्हांस वंदनीय आहे. तरी हें समाधान आम्हांस मान्य नाहीं. ज्या जव्हार तालुक्यांत १९९२-९३ सालीं वावर-वांगणीच्या पाड्यांतून कुपोषणानें मुलें गेलीं, तेथें जातें ओढणाऱ्या बाईस हें भाष्य वाचून दाखविण्याची आमची तरी छाती होणार नाहीं. तेथें कोणी फारो नव्हता, कसली आज्ञा मोडली नव्हती. आणि जात्यामागें बसणारणीच्या मुलाचा मृत्यु कोणाच्या तरी पराक्रमाची खूण म्हणून वाचतां येत नाहीं. जें भाष्य या एका ओळीपाशीं थांबत नाहीं, त्याच्या बाकीच्या पांडित्यावर आमचा विश्वास बसत नाहीं.

ही कथा कशी वाचावी याचा धडा ज्यांची ती आहे त्यांच्याकडूनच घ्यावा. आमचे बेने इस्राएल, ज्यांना कोंकणांत शनवार तेली म्हणत, ते पुष्कळ काळ वल्हांडणाचा सण 'अनाशी ढाकण्याचा सण' या मराठी नांवानें पाळीत आले. त्याची कथा त्यांच्या स्मृतींतून गेली होती. ती १८४६ सालीं मुंबईस आणि १८७४ सालीं पुण्यास छापलेल्या हग्गादेंतून त्यांच्या हातीं मराठींत आली. या हग्गादेच्या वाचनांत दहा आघातांचीं नांवें घेतांना अनेक यहुदी घरांत प्याल्यांतून द्राक्षारसाचा एकेक थेंब बाजूस काढतात. शत्रूचीं मुलें मेलीं तेव्हां आपला प्याला भरलेला नसावा, असा त्याचा अर्थ सांगतात. त्याहून बोलका आम्हांस सणाच्या आदल्या दिवसाचा नियम वाटतो. त्या दिवशीं घरांतील प्रथमजन्मलेल्यानें उपवास करावयाचा. आज बहुतेक ठिकाणीं एखाद्या ग्रंथाच्या अध्ययनसमाप्तीच्या भोजनास बसून तो सोडतात, पण नियम उपवासाचाच आहे. त्या रात्रीं जो वांचला त्याला मानाचें पान नाहीं. तो उपाशी राहतो, आणि मुलगा लहान असला तर त्याच्या वांट्याचा उपवास बाप करतो.